रतामाच्या झुडपाखालीं

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, वचनें ३ ते ८



एलीया संदेष्ट्याचें चरित्र आमच्या मंडळ्यांतून पुष्कळदां वाचलें जातें. परंतु तें बहुधा कर्मेल डोंगरावर सुरू होतें व तेथेंच संपतें. स्वर्गांतून अग्नि पडला, बआलाचे पुजारी हरले, पाऊस आला, एवढें सांगून उपदेशक पुस्तक मिटतो. त्या दिवसाचा शेवट किशोन ओहळाच्या कांठीं झाला, तो सहसा कोणी वाचीत नाहीं. तेथें शेंकडों माणसें मारलीं गेलीं, आणि एलीया तेथें होता. पुढल्याच अध्यायांत तोच एलीया एका राणीच्या निरोपानें भिऊन पळतो, आपल्या चाकराला बैर-शेब्यास मागें ठेवितो, रानांत एक दिवसाची वाट एकटाच चालतो, आणि रतामाच्या झुडपाखालीं बसून देवाजवळ मरण मागतो. ज्याच्या शब्दानें राजा व प्रजा हालली त्याला आतां जगणें नको झालें आहे.

कित्येक जण येथें एलीयाला बोल लावितात. त्याचा विश्वास डळमळला असें म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. रक्तपातांतून नुकत्याच बाहेर आलेल्या मनुष्याची अशी अवस्था होते, हें ज्यानें लढाईवरून आलेला माणूस आपल्या घरांत पाहिला आहे त्याला सांगावें लागत नाहीं. आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत अशीं घरें थोडीं नाहींत.

चिखली, मेहकर, देऊळगांव राजा ह्या वाटांनीं पहाटेच्या प्रहरीं जाणारास रस्त्याच्या कडेनें धांवणारीं पोरें दिसतात. कोणी अनवाणी, कोणी थोरल्या भावाचे बूट घालून, भरतीसाठीं दम सांठवीत असतात. जेथें कपाशी व सोयाबीन दोन्ही पावसाच्या मर्जीवर आहेत तेथें फौजेची नोकरी म्हणजे घराला आधाराचा खांब होय, आणि त्या पोरांना कोणीं नांवें ठेवूं नयेत. ती नोकरी मानाची आहे. परंतु भरतीच्या दिवशीं छाती मोजतात, उंची मोजतात, धांव मोजतात. परत येतांना मनावर किती ओझें आहे हें पाहणारा गांवांत कोणी नसतो. पूर्वीं शिपाई पंधरा-वीस वर्षांनीं पेन्शन घेऊन, मिशा पिकवून घरीं येई. २०२२ सालापासून अग्निपथ योजनेंत जे भरती होतात त्यांतील फार तर चौथा हिस्सा पुढें कायम व्हावयाचा आहे. बाकीचे चार वर्षांनीं, ऐन पंचविशीच्या आंतबाहेर, घरीं यावयाचे. ओसरीवर बसलेल्या त्या तरुणाशीं काय बोलावें हें आमच्या मंडळ्यांना आधींच ठाऊक असावें, म्हणून हा विषय काढिला.

१४ फेब्रुवारी २०१९ हा दिवस ह्या जिल्ह्याला विसरतां येणार नाहीं. काश्मिरांत पुलवाम्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनीं भरलेली मोटार आदळली व ४० जवान ठार झाले. त्यांत दोघे आमचे होते. एक मलकापूरचे, दुसरे लोणार तालुक्यांतील चोरपांग्र्याचे. त्यांच्या अंत्यदर्शनास लोक लोटले, आणि तें योग्यच झालें. पण त्या ताफ्यांत ७८ वाहनें होतीं. जी बस उडाली तिच्या पुढल्या व मागल्या गाड्यांत बसलेल्या माणसांचा विचार आम्हीं क्वचितच केला. त्यांनीं तो आवाज ऐकिला, रस्त्यावर काय पडलें आहे तें पाहिलें, आणि ज्याच्याबरोबर सकाळीं चहा घेतला त्याची जागा संध्याकाळीं रिकामी पाहिली. तेहि पुढें सुटीवर आपापल्या गांवीं गेले असतील. तेथें त्यांना कोणीं काय विचारलें असेल?

हें दुःख आजचें नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, जालना जिल्ह्यांत, असई नांवाचें गांव आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली, जो पुढें वॉटर्लूच्या लढाईमुळें ड्यूक ऑफ वेलिंग्टन ह्या नांवानें जगास माहीत झाला, तो त्या दिवशीं जिंकला. पण त्याच्या लहानशा फौजेचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. त्या रात्रीं जेव्हां जेव्हां त्याला जाग येई तेव्हां तेव्हां आपले सारे मित्र गेले असें त्याच्या मनांत येई, असें त्यानेंच मागाहून सांगितलें. हा झाला जिंकणाऱ्याचा वृत्तांत. हरलेले जे शिपाई अजिंठ्याच्या घाटांकडे निघून गेले त्यांच्या स्वप्नांची नोंद कोणीं ठेविली नाहीं; आणि त्यांत आमच्या भाषेंत बोलणारे पुष्कळ असतील.

पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा येथें जी हिंदी व इंग्रज फौज कोंडली गेली तिच्यांत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा होता. अन्न संपलें, घोडे कापून खावे लागले, आणि शेवटीं हत्यारें खालीं ठेविल्यावर कैद्यांना उन्हांतून पायीं तुर्कस्तानाकडे हांकून नेलें. पुष्कळ वाटेंतच मेले. जे परत आले त्यांच्या नातवंडांपाशीं एखादें पदक असेल. गोष्ट मात्र थोड्याच घरांत सांपडेल, कारण आजोबांनीं ती सांगितलीच नाहीं. त्याच युद्धांत फ्रान्सांतील हिंदी शिपायांचीं पत्रें सरकारी अधिकारी उघडून वाचीत. म्हणून कांहीं शिपायांनीं अशी युक्ति काढिली कीं हिंदी माणसांना काळी मिरी व गोऱ्यांना लाल मिरी म्हणावयाचें, आणि कोणती मिरी किती उरली एवढेंच घरीं लिहावयाचें. वाचणाऱ्यानें समजून घ्यावें. आजचा जवान घरीं फोन करून "सगळें ठीक आहे, जेवलों, थंडी फार आहे," एवढें बोलतो आणि फोन ठेवितो. तीहि मिरीचीच भाषा आहे. पण ती उलगडणारा घरांत कोणी असावा लागतो.

आमच्याच महाराष्ट्रांतील एका गांवाच्या नांवावरून इंग्रजी भाषेला वेडाचा एक शब्द मिळाला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. नाशिकजवळच्या देवळालीस इंग्रज फौजेची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तेथें ठेविले जात. बोटी थंडीच्या दिवसांतच सुटत. म्हणून ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपली तो महिनेच्या महिने रिकामा बसून राही. कोणी दारूच्या आहारीं जाई, कोणास हिंवताप होई, कोणाचें चित्त ठिकाणावर राहत नसे. अशा माणसाला "डुलाली टॅप" झाला असें त्याचे सोबती म्हणत. डुलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. तो शब्द इंग्रज लोक अजूनहि वेडसर माणसाला लावितात. त्यांत थट्टा आहे खरी. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं ती माणसें गोळीखालीं असतांना नव्हे, रिकामीं बसलीं असतांना ढांसळलीं. आमच्या गांवोगांवीं हेंच दिसतें. नोकरींत असेपर्यंत हुकूम, गस्त व सोबती ह्यांनीं मन बांधलेलें असतें. घरीं येऊन बाजेवर पाठ टेकल्यावर त्याची गांठ सुटते. म्हणून घरचे लोक गोंधळतात. "तिकडे होता तोंवर बरा होता, इकडे आल्यावर काय झालें?" असें म्हणतात.

वैद्यांनींहि ह्या दुखण्याला नांव देण्यास वेळ लाविला. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स नांवाच्या डॉक्टरानें "शेल-शॉक" हा शब्द छापून प्रसिद्ध केला. तोफगोळा जवळ फुटल्यानें मेंदू हादरतो अशी प्रथम समजूत होती. मग दिसून आलें कीं ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नाहीं त्यांनाहि तें होतें. त्याच युद्धांत पळून गेल्याच्या, भित्रेपणाच्या व अशाच आरोपांवरून इंग्रज फौजेनें आपल्याच ज्या शिपायांना गोळी घालून मारलें, त्यांतील ३०६ जणांना २००६ सालीं, म्हणजे नव्वद वर्षांनीं, माफी मिळाली. त्यांत आजारी किती असतील तें देव जाणे. १९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारवैद्यांनीं आपल्या ग्रंथांत ह्या रोगाला रीतसर स्थान दिलें. पाहिलेलें पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें येणें, झोप मोडणें, दचकणें, माणसें टाळणें, एकाएकीं संताप येणें, बायकामुलांवरची माया आटल्यासारखी वाटणें, हीं त्याचीं लक्षणें होत.

घाटाखालीं एका गांवांत आमच्या ओळखीचें एक घर आहे. घरधनी हवालदार होऊन निवृत्त झालेला. कष्टाळू, कोणाच्या अध्यांतमध्यांत नसलेला. बायको सांगते, "ते घरांत निजत नाहींत, गोठ्यांत बाज टाकतात, तोंड दाराकडे. रात्रीं तीन-तीनदां उठून कडी पाहतात." हातांतून ताट पडलें तरी तिला आधीं त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें लागतें. एका पोळ्याला पोरांनीं वेशीजवळ फटाका लाविला, तेव्हां तो नव्या कपड्यांसुद्धां बैलांच्या पायांशीं पालथा पडला, आणि पोरें हंसलीं. त्यानंतर तो उपासनेलाहि येईनासा झाला. मंडळींतील एक म्हणे, दारूनें धरलें. दुसरा म्हणे, प्रार्थना कमी पडली. नातलगांनीं देवऋष्याकडे नेलें; तेथें लिंबू उतरलें, पैसे गेले. लहान मुलें विचारीत, "काका, तुम्हीं किती मारले?"

एके संध्याकाळीं कपाशीच्या बांधावर बसलों असतां तो आपण होऊन बोलला. "पाळकसाहेब, त्या दिवशीं गाडींत पुढें मी बसावयाचा होतों. माझा पाय दुखत होता म्हणून त्यानें मला मागें पाठविलें. त्याच्या घरीं दोन वर्षांचें लेंकरूं होतें, माझें तर लग्नहि झालें नव्हतें. मग मी कां वांचलों?"

उपदेशक बंधूंनो, येथें आमची परीक्षा आहे. ह्या प्रश्नाचें एक उत्तर आमच्या जिभेवर तयारच असतें: प्रभूनें तुला कांहीं हेतूनें राखिलें. बोलणाऱ्याला तें गोड वाटतें. ऐकणारा मात्र तत्काळ पुढला हिशेब करितो. मग त्याला कां राखिलें नाहीं? त्याचें लेंकरूं प्रभूला दिसलें नव्हतें काय? हा हिशेब तो आम्हांस बोलून दाखवीत नाहीं. तो मान हालवितो, सलाम करून उठतो, आणि त्या विषयावर पुन्हां तोंड उघडीत नाहीं. आमचें समाधान होतें कीं आपण एका दुःखिताचें सांत्वन केलें.

दाविदाला अबशालोमाच्या मरणाची बातमी आली तेव्हां वेशीवरच्या माडींत तो हाच विचार करीत रडला, कीं मुलाच्या जागीं आपण मेलों असतों तर बरें झालें असतें. योआबानें त्याला फौजेपुढें येऊन बसावयास लाविलें. राज्याच्या दृष्टीनें योआबाचें म्हणणें खोटें नव्हतें. पण त्यानें दाविदाच्या रडण्याचें उत्तर दिलें असें कोणी म्हणणार नाहीं. शास्त्रानेंहि तें उत्तर तेथें दिलेलें नाहीं. इयोबाचे मित्र जोंपर्यंत सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट बसले होते तोंपर्यंत त्यांनीं मैत्रीचें काम केलें. समजावूं लागले आणि बिघडलें. देव पुढें त्यांच्यावर रागावला तो त्यांच्या बोलण्याबद्दल रागावला. ज्या प्रश्नाचें उत्तर देवानें आमच्या स्वाधीन केलें नाहीं त्याचें उत्तर आमच्या पदरचें देणें हा अधिकार आम्हांस कोणीं दिला? "मला ठाऊक नाहीं. त्याचें नांव काय होतें? त्याच्याविषयीं सांगा," एवढें म्हणतां येतें. गेलेल्या सोबत्याचें नांव पुष्कळ वर्षांत कोणीं विचारलेलें नसतें.

आतां देवानें एलीयाशीं काय केलें तें पाहा. दूत येऊन त्याला स्पर्श करितो, आणि उठून खा असें सांगतो. उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई. दोष नाहीं, उपदेश नाहीं, कर्मेलावरच्या पराक्रमाची आठवण नाहीं. एलीया खातो, पितो, आणि पुन्हां निजतो. दूत त्याला निजूं देतो. मग दुसऱ्यांदां उठवितो, पुन्हां जेवूं घालितो, आणि कबूल करितो कीं पुढली वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. स्वर्गाच्या दूतानें ही कबुली दिली, आणि आम्ही मात्र अशा माणसाला "तुम्ही तर फौजी, तुम्हांला काय झालें?" असें विचारतों! पुढें होरेब डोंगरावर वारा, भूकंप व अग्नि येऊन गेले, आणि परमेश्वर त्यांत नव्हता. ज्याच्या कानांत अजून स्फोट वाजत आहे त्याला हा भाग कोणी ओरडून वाचून दाखवूं नये. ज्या मंद वाणींत देव आला त्या वाणीनेंच वाचावा. तेथें देव एकच प्रश्न दोनदां विचारितो, आणि एलीया दोन्ही वेळां तीच तक्रार, शब्दाला शब्द लावून, सांगतो. तरी "हें तूं आतांच बोललास" असें देव म्हणत नाहीं. लढाईवरून आलेला मनुष्य एकच हकीकत वीस वेळां सांगेल. ती वीस वेळां ऐकावी. त्यानंतरच देवानें एलीयाला काम दिलें, आणि सोबतीला अलीशा दिला.

मार्काच्या पांचव्या अध्यायांत जो मनुष्य कबरांमध्यें राहत होता, रात्रंदिवस ओरडत होता व दगडांनीं आपलें अंग ठेंचून घेत होता, त्यानें आपलें नांव सांगितलें तें फौजेचें. आमच्या मराठी शास्त्रांत तें "सैन्य" असें आहे. मूळ शब्द रोमी पलटणीचा. ह्यावरून तो मनुष्य शिपाई होता असें आम्ही म्हणत नाहीं, आणि शिपायाचें दुखणें म्हणजे भूतबाधा असें तर मुळींच म्हणत नाहीं. तसें समजणें ही मोठी चूक होय, व ती केवळ देवऋष्याकडे जाणारेच करितात असें नाहीं. प्रभूच्या नांवानें भरणाऱ्या कित्येक सभांतहि असा माणूस आणला कीं चार जण त्याचें डोकें धरून हालवितात व कानांत ओरडतात. जें शरीर आवाजानें दचकतें त्याला हा आणखी मार होय. त्या प्रकरणांत आम्हांस पाहण्यासारखें इतकेंच आहे, कीं गांवकऱ्यांनीं त्याला पुष्कळ बेड्या घातल्या होत्या, पण त्याला नांव विचारणारा प्रभु भेटला. आणि तो शुद्धीवर आल्यावर प्रभूच्या मागें येऊं पाहत होता तरी प्रभूनें त्याला मिरवीत नेलें नाहीं, त्याच्या घरच्या माणसांकडे परत पाठविलें.

ज्यांच्या हातून माणसें मेलीं आहेत त्यांच्याविषयीं स्वतंत्र बोललें पाहिजे. गणनेच्या ३१ व्या अध्यायांत मिद्यान्यांशीं झालेल्या लढाईचें वर्णन आहे. तो अध्याय कठोर आहे, आणि वाचतांना आमचें मन कांपतें, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु त्यांत एक आज्ञा आहे. ज्यानें कोणाला मारिलें असेल, किंवा प्रेताला स्पर्श केला असेल, त्यानें सात दिवस छावणीबाहेर राहावें. तिसऱ्या व सातव्या दिवशीं शुद्ध व्हावें. कपडे धुवावे, जी वस्तु आगींत टिकेल ती आगींतून काढावी. फौज जिंकून आली होती, देवाच्या आज्ञेवरून गेली होती, तरी तिला सरळ चुलीपाशीं जाऊं दिलें नाहीं. ख्रिस्ताच्या रक्तानें तो शुद्धीचा विधि पुरा झाला आहे, व आम्ही कोणाला गांवाबाहेर बसवीत नाहीं. पण मारणें आणि जेवणें ह्यांच्यामध्यें थोडी वाट असावी लागते, ही गोष्ट मोशेच्या वेळेपेक्षां आज कमी खरी झालेली नाहीं. आजचा जवान सीमेवरून निघतो आणि रेल्वेनें दोन-तीन दिवसांत मलकापूर किंवा शेगांव स्टेशनावर उतरतो. संध्याकाळीं घरीं पुरणपोळी असते, आणि सारें घर त्यानें हंसावें म्हणून वाट पाहत असतें.

असा मनुष्य बोलूं लागला तर "तें तुमचें कर्तव्यच होतें, विसरा" असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. आणि त्याला खुनी ठरविण्याचा अधिकारहि आम्हांस नाहीं. यार्देनेच्या कांठीं शिपायांनीं योहानाला विचारिलें कीं आम्हीं काय करावें, तेव्हां त्यानें त्यांना हांकून दिलें नाहीं व त्यांची स्तुतीहि केली नाहीं. त्यांच्या कामांतच नीट कसें वागावें तें सांगितलें. त्याला स्वतः होऊन कबुली द्यावयाची असेल तर ती एकांतांत, देवासमोर घ्यावी, व ती आपल्या पोटांत राहूं द्यावी. ज्या उपदेशकाच्या पोटांत गोष्ट राहत नाहीं त्यानें ह्या कामास हात घालूं नये, हें स्पष्टच लिहितों.

घरांतील बाईची आठवण शास्त्रानेंहि ठेविली आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायांत नव्यानें लग्न झालेल्या पुरुषाला एक वर्ष लढाईस पाठवूं नये असा नियम आहे, आणि त्याचें कारण बायकोचें सुख असें दिलें आहे. आमच्याकडे बायकोनें सारें सोसावयाचें असाच नियम दिसतो. नवरा कधीं निजला हें ती मोजते, बाटली लपविते, मुलांना गप्प करिते, आणि शेजारणीला "बरें आहे" म्हणते. स्त्रियांच्या मंडळीनें तिच्याकडे जावें, तें शिकवावयास नव्हे, शेंगा फोडावयास किंवा तूर निवडावयास म्हणून जावें. हात कामांत असले कीं बाई बोलते. मात्र नवरा तिच्यावर किंवा लेंकरांवर हात टाकीत असेल तर दुखण्याच्या नांवाखालीं तिनें मार खावा असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. तिला व मुलांना आधीं सुरक्षित ठिकाणीं न्यावें, मग नवऱ्याच्या औषधाचें पाहावें.

औषधाविषयीं. कित्येक विश्वासी लोकांस वाटतें कीं मनाच्या दुखण्याला गोळी घेणें म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास. मग मोडलेल्या हाडाला प्लास्तर कां घालितां? एलीयाची भाकर निखाऱ्यांवर भाजली होती. देवानें साधनें वापरलीं. बुलढाण्यास जिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तेथें माजी सैनिकाला व त्याच्या विधवेला आपल्या हक्कांची माहिती मिळते. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस ह्या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो बिनपैशाचा असून रात्रीं-अपरात्रींहि लागतो व मराठींत बोलतां येतें. प्रत्येक उपदेशकानें तो आपल्या शास्त्राच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आणि एखादा मनुष्य एलीयाप्रमाणें मरणाची भाषा बोलूं लागला तर ती हंसण्यावारी नेऊं नये. "असें बोलूं नये, पाप लागतें," म्हणून दटावूंहि नये. दटावलेला मनुष्य बोलणें सोडतो, विचार सोडीत नाहीं. तुम्हांला जीव द्यावासा वाटतो काय, असें सरळ विचारावें. विचारल्यानें तें मनांत भरत नाहीं. आमच्या शेतकरी घरांत फवारणीचें औषध खाटेखालीं ठेविलेलें असतें; तें, दोर आणि परवान्याची बंदूक असल्यास तीहि, त्याच दिवशीं दुसऱ्याच्या घरीं नेऊन ठेवावी. डॉक्टरकडे नेईपर्यंत रात्रीं त्याच्याजवळ कोणी तरी निजावें. पोलिसांच्या भीतीनें कोणी गोष्ट लपवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा प्रयत्न केलेल्या मनुष्याला दुःखाच्या भारानें ग्रासलेला समजावयाचें आहे, शिक्षेस पात्र समजावयाचें नाहीं. एलीयाचा चाकर बैर-शेब्यास मागें राहिला होता. आमच्यापैकीं कोणीं तसें राहूं नये.

आतां कांहीं लहान गोष्टी. कापणीच्या सणाला व नाताळांत मंदिराच्या आवारांत फटाके लावावयाचेच असतील तर ज्या घरांत असा माणूस आहे तेथें आदल्या दिवशीं जाऊन वेळ सांगावी; न लावले तर उत्तमच. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीला त्याला विचारल्याशिवाय व्यासपीठावर बोलावूं नये; ज्याला यावेंसें वाटेल त्याला अवश्य मान द्यावा, पण ज्याला नको असेल त्याच्यामागें पोरें पाठवूं नयेत. किती मारले हा प्रश्न लेंकरांनीं विचारूं नये हें रविवारच्या शाळेंत एकदां नीट समजावून सांगावें. मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवूं नये. समोरून, दुरूनच हांक मारीत यावें. आणि मंदिरांत दाराजवळ, भिंतीला पाठ लागेल अशी एक जागा रिकामी ठेवावी. उपासना अर्ध्यावर असतांना तो येऊन तेथें बसला तर कोणीं मान वळवून पाहूं नये, आणि शेवटच्या गीताच्या आधीं उठून गेला तरी दुसऱ्या रविवारीं ती जागा रिकामीच असूं द्यावी.